डोंगराआडचा वारा : बेटांवरच्या विमानतळांवर उतरणे अवघड का असते?

लिस्बनहून मदेराला जाणारे विमान दीड तासाहून अधिक काळ अटलांटिक महासागरावरून उडते आणि हा प्रवास बहुतेक वेळा शांत असतो. कसोटी लागते ती शेवटच्या दहा मिनिटांत. बेटाचे काळे कडे दिसू लागतात, विमान किनाऱ्याच्या बाजूने खाली येऊ लागते आणि तोवर एका लयीत चाललेले ते धूड एकदम दणके खाऊ लागते. एक पंख खाली जातो, तो सावरतो न सावरतो तोच दुसरा जातो आणि इंजिनांचा आवाज सतत चढत-उतरत राहतो. धावपट्टी समोर दिसत असते, ऊन पडलेले असते, पावसाचे चिन्हही नसते. तरीही कधीकधी विमान चाके टेकण्याआधीच पुन्हा वर चढते, समुद्रावर घिरट्या घालते आणि अखेर भलत्याच बेटावर जाऊन उतरते. हवा इतकी स्वच्छ असताना अडचण कसली, असा प्रश्न प्रवाशाला पडला तर त्यात नवल नाही.

आपण वाऱ्याचा विचार बहुधा त्याच्या वेगाने करतो. ताशी ३० किलोमीटर म्हणजे बरा, ७० म्हणजे भयंकर. विमान उतरवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र वारा किती आहे याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक महत्त्व असते ते वारा धावपट्टीवर पोहोचण्यापूर्वी कशावरून आला याला. मोकळ्या समुद्रावरून आलेला जोरदार वारा हाताळता येतो. डोंगर ओलांडून आलेला त्याहून बराच मंद वाराही विमानाला परत पाठवू शकतो. बेटांवरच्या विमानतळांची बहुतेक गोष्ट या एका फरकात आहे, आणि मदेरा हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे.

मदेरा हे पोर्तुगालच्या मालकीचे ज्वालामुखीजन्य बेट सुमारे ५७ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त २२ किलोमीटर रुंद आहे. एवढ्याशा जमिनीवर पिको रुइवो हे शिखर समुद्रसपाटीपासून १,८६२ मीटर उंच उठते, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही दोनशेहून अधिक मीटर उंच. बेटाचा कणा पूर्व-पश्चिम पसरलेला आहे आणि या भागात वारे प्रामुख्याने उत्तर व ईशान्येकडून येतात. सपाट जागा जवळजवळ नसल्याने विमानतळ आग्नेय किनाऱ्यावर, सांता क्रूझ या गावाजवळ, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत बांधावा लागला. म्हणजेच उत्तरेकडचा वारा वाहू लागला की धावपट्टी नेमकी डोंगराच्या आड येते. भूगोलाच्या पुस्तकात आपण ज्याला वातविन्मुख बाजू म्हणतो, ती ही. पावसाच्या दृष्टीने या बाजूला कोरडी म्हणून ओळखतात. विमानाच्या दृष्टीने ती सर्वांत खळबळीची असते.

डोंगराच्या पलीकडे वाऱ्याचे काय होते?

हजारो किलोमीटर समुद्रावरून आलेली हवा बऱ्यापैकी एकसंध असते. समुद्राचा पृष्ठभाग तिला फारसा अडवत नाही, त्यामुळे तिचे थर एकमेकांवरून शांतपणे सरकत असतात. अशा प्रवाहाच्या वाटेत अचानक दीड-पावणेदोन किलोमीटर उंचीची भिंत आली की ओढ्यात मधोमध असलेल्या मोठ्या दगडामागे पाण्याचे जे होते, तेच हवेचे होते. दगडाच्या पुढच्या बाजूला पाणी गुळगुळीत चढते आणि दोन्ही बाजूंनी वेगाने निसटते. दगडाच्या मागे मात्र भोवरे फिरतात, काही ठिकाणी पाणी उलटे वाहते आणि काही ठिकाणी ते जागच्या जागी वर-खाली होते. धावपट्टी त्या दगडामागच्या पाण्यात आहे, अशी कल्पना केली की अर्धा विषय समजला.

उरलेला अर्धा विषय हवेच्या तापमानाचा आहे. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात समुद्रापासून साधारण एक-दीड किलोमीटर उंचीवर पुष्कळदा उबदार हवेचा थर पसरलेला असतो. खालची थंड, जड हवा हे झाकण सहजासहजी भेदू शकत नाही. शिखरे या थराच्याही वर डोके काढत असतील, तर खालच्या हवेला डोंगर ओलांडण्यापेक्षा वळसा घालणे सोपे पडते आणि ती बेटाच्या दोन्ही टोकांना कोंडून, वेग घेऊन बाहेर पडते. जी हवा खिंडींतून वा कमी उंचीच्या भागावरून पलीकडे जाते, ती उतारावरून खाली कोसळते, समुद्राजवळ आपटून पुन्हा उसळते आणि त्या उसळण्यातून लाटा तयार होतात. लाटांच्या खाली हवेचे आडवे रूळ गरगर फिरत असतात. अशा रुळातून जाणाऱ्या विमानाला काही सेकंदांच्या अंतराने आधी वर ढकलणारी आणि मग खाली दाबणारी हवा लागते.

हे सगळे डोळ्यांनी दिसत नाही, पण अवकाशातून त्याचा ठसा दिसतो. उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांत मदेराच्या मागे ढगांमध्ये भोवऱ्यांची एक माळ दिसते, एक भोवरा डावीकडे फिरणारा, पुढचा उजवीकडे, आणि ही माळ बेटापासून शेकडो किलोमीटर दूरपर्यंत जाते. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ थिओडोर फॉन कारमान यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. कॅनरी बेटांच्या आणि कोरियाच्या जेजू बेटाच्या मागेही ती दिसते. एवढे मोठे भोवरे थेट विमानाला हादरवतात असे नाही. पण वाऱ्याची दिशा काही वेळाने आपोआप का फिरते आणि एकाच धावपट्टीच्या दोन टोकांना दोन वेगळे वारे एकाच क्षणी का वाहू शकतात, हे त्यांच्यावरून कळते.

डार्विनने हाताने तपासलेला वारा

दक्षिण अटलांटिकमधले सेंट हेलेना बेट जगाला नेपोलियनच्या बंदिवासामुळे माहीत आहे. १८३६ साली चार्ल्स डार्विन तिथे उतरला असताना सुमारे हजार फूट खोल कड्याच्या काठाजवळ उभा होता. काही अंतरावर समुद्रपक्षी जोरदार वाऱ्याशी झुंजत होते आणि तो उभा होता तिथली हवा मात्र अगदी निश्चल होती. कड्याच्या अगदी काठाशी जाऊन त्याने हात पुढे केला, तेव्हा हाताला वाऱ्याचा पूर्ण जोर लागला. शांत हवा आणि जोराचा वारा यांच्यामध्ये जेमतेम दोन यार्ड रुंदीची अदृश्य सीमा होती, असे त्याने नोंदवून ठेवले आहे.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे खोटे वाटणार नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर काठाजवळ हलकी वस्तू खाली टाकली तर ती उलटी वर येते, आणि पावसाळ्यात नाणेघाटाजवळ खाली पडू पाहणारे पाणी वारा पुन्हा माथ्यावर उडवतो. काठापासून थोडे आत आले की तोच वारा एकदम मंदावतो. कड्याला धडकलेली हवा वर फेकली जाते आणि पठाराच्या काठाजवळ तिच्या खाली एक पोकळीसारखी जागा राहते, तिथली हवा शांत किंवा उलट दिशेने फिरणारी असते. पायी चालणाऱ्याला ही गंमत वाटते. ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने येणारे विमान मात्र ही सीमा सेकंदाच्याही छोट्याशा भागात ओलांडते.

सेंट हेलेनाचा विमानतळ अशाच एका पठारावर बांधला गेला, कारण धावपट्टीला पुरेल एवढी सपाट जागा दुसरी फारशी नव्हती. ब्रिटिश सरकारने त्यासाठी सुमारे २८.५ कोटी पौंड खर्च केले. एप्रिल २०१६ मध्ये बोइंग ७३७-८०० जातीचे विमान चाचणीसाठी तिथे आणले गेले, तेव्हा उत्तरेकडून उतरताना वाऱ्यातले अचानक बदल किती तीव्र आहेत हे समोर आले. ठरलेली प्रवासी सेवा पुढे ढकलावी लागली. शेवटी ऑक्टोबर २०१७ मध्ये एअरलिंक या दक्षिण आफ्रिकी कंपनीने एम्ब्रेअर १९० हे लहान विमान घेऊन नियमित सेवा सुरू केली. दीडशेहून अधिक प्रवासी नेणाऱ्या विमानांचा हिशेब मनात धरून बांधलेल्या धावपट्टीवर शंभराहून कमी प्रवासी घेऊन यावे लागले. त्या बेटावरच्या वाऱ्याची नोंद १८० वर्षे आधी झालेली होती, हे लक्षात घेतले की जागेवर वर्षभर वारा मोजल्याखेरीज धावपट्टीचा खर्च मंजूर करू नये, असे मला तरी ठामपणे वाटते.

आडव्या वाऱ्याचे गणित

आता विमानाकडे वळू. वारा समोरून असेल तर तो मित्र असतो, कारण पंखांना हवेतला वेग मिळतो आणि जमिनीवरचा वेग कमी राहतो. म्हणूनच धावपट्ट्या त्या भागातल्या प्रचलित वाऱ्याच्या दिशेने बांधतात. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे मुसळधार पावसातही तो बऱ्याच अंशी विमानाच्या नाकावर असतो. बेटावर ही मुभा मिळत नाही. डोंगर आणि किनारा यांच्यामध्ये जागा जिकडे असेल तिकडे धावपट्टी जाते, आणि वारा तिला कोणत्याही कोनात कापतो.

एकूण वाऱ्यापैकी आडवा भाग किती, हे काढण्यासाठी वैमानिक घड्याळाचा आधार घेतात. वारा आणि धावपट्टी यांच्यातला कोन १५ अंश असेल तर तासाचा पाव, म्हणून वाऱ्याचा पाव भाग आडवा. ३० अंशांना निम्मा, ४५ अंशांना पाऊण आणि ६० अंशांच्या पुढे जवळपास सगळाच. मदेराची धावपट्टी ईशान्य-नैर्ऋत्य आहे, साधारण ५० अंशांच्या रेषेत. थेट उत्तरेकडून २० नॉटचा वारा असला, तर त्यातला सुमारे १५ नॉट आडवा पडतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, त्यामुळे हा आडवा भाग ताशी २८ किलोमीटर होतो. मोठ्या विमानासाठी ही संख्या भीतीदायक नाही. एअरबस ए३२० बनवणाऱ्यांनी ते ३३ नॉट आडव्या वाऱ्यात, ३८ नॉटपर्यंतच्या झोतांत उतरवून दाखवलेले आहे. प्रमाणपत्राच्या वेळी प्रत्यक्ष करून दाखवलेली ही संख्या आहे, त्यापुढे विमान कोलमडते असा तिचा अर्थ नाही. प्रत्यक्षात कंपन्या आपल्या वैमानिकांसाठी बहुधा यापेक्षा कमी मर्यादा ठरवतात, धावपट्टी ओली असेल तर आणखी कमी.

आडव्या वाऱ्यात विमान सरळ रेषेत आणायचे तर त्याचे नाक वाऱ्याकडे तिरपे ठेवावे लागते. उतरताना ए३२०चा वेग १३५ नॉटच्या आसपास असतो. बाजूने २५ नॉट वारा असेल तर नाक सुमारे ११ अंश वळवलेले असते. खिडकीत बसलेल्या प्रवाशाला अशा वेळी एका बाजूने धावपट्टी समोर यायला लागल्यासारखी दिसते, आणि ते योग्यच असते. अडचण अशी की चाके विमानाच्या शरीराला सरळ जोडलेली असतात. तिरपे असतानाच ती टेकली तर टायरांवर आणि चाकांच्या दांड्यांवर बाजूचा ताण येतो. म्हणून जमिनीपासून काही मीटर वर असताना वैमानिक पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचे उभे सुकाणू, वळवून नाक धावपट्टीच्या रेषेत आणतो. त्याच क्षणी वारा विमानाला बाजूला ढकलू लागतो, शिवाय वाऱ्याकडचा पंख पुढे आल्याने अधिक उचलला जातो, म्हणून हाताने तो पंख किंचित खाली धरावा लागतो. पंख फार खाली धरला तर इंजिन किंवा पंखाचे टोक जमिनीला लागू शकते. या सर्व हालचाली दोन-तीन सेकंदांत होतात आणि वाऱ्याकडचे चाक आधी, मग दुसरे, मग नाकाचे, असे विमान टेकते.

अशा दिवशी विमान दणकन टेकले तर प्रवासी नाराज होतात, पण ते बहुधा मुद्दाम केलेले असते. अलगद टेकवण्याच्या नादात विमान धावपट्टीवर तरंगत राहिले, तर वाऱ्याला ते बाजूला न्यायला वेळ मिळतो आणि थांबण्यासाठी उरलेली धावपट्टी कमी होते. चाके ठामपणे टेकली की त्यांना जमिनीची पकड मिळते, पंखांवरच्या फळ्या वर उठून उचल संपवतात आणि ब्रेक काम करू लागतात.

हादरे एक, विंडशिअर दुसरे

हादऱ्यांची भीती आणि विंडशिअरची भीती यांत लोक गल्लत करतात, आणि ती दूर करणे मला फार गरजेचे वाटते. हादरे कितीही अस्वस्थ करणारे असले तरी विमान त्यासाठी बांधलेले असते. सेवेत असताना पंखावर येऊ शकणारा सर्वांत मोठा भार आधी ठरवतात आणि त्याच्या दीडपट भार सोसूनच नव्या विमानाचा पंख मान्यता मिळवतो. पंखांची टोके खालीवर हलताना दिसतात ती लवचीकपणामुळे, आणि लवचीकपणा हेच त्यांचे बळ आहे. हादऱ्यात इजा होते ती मुख्यतः पट्टा न बांधलेल्या माणसांना आणि मोकळ्या सामानाने.

विंडशिअर म्हणजे थोड्या अंतरात वाऱ्याचा वेग किंवा दिशा एकदम बदलणे. विमान १३५ नॉट हवाई वेगाने खाली येत असताना त्यातले २० नॉट समोरच्या वाऱ्याने दिलेले असतील आणि तो वारा डोंगराच्या आडोशात शिरताच नाहीसा झाला, तर पंखांवरून वाहणारी हवा क्षणात ११५ नॉट होते. जड विमान तेवढ्या पटकन वेग घेऊ शकत नाही, ते खाली बसते. तीन हजार मीटरवर हे घडले तर कोणाला कळणारही नाही. जमिनीपासून पन्नास मीटरवर घडले तर सावरायला जागा उरत नाही. म्हणून झोताच्या दिवशी वैमानिक उतरण्याचा वेग थोडा वाढवून ठेवतात आणि इंजिने मंद करण्याची घाई करत नाहीत.

विमानाच्या नाकातले रडार पुढचे विंडशिअर ओळखू शकते, पण त्यासाठी त्याला हवेत पावसाचे थेंब किंवा तत्सम कण लागतात, कारण त्यांच्यावरून परतलेल्या लहरींतूनच ते हवेची गती मोजते. गडगडाटी ढगाखालचे धोके त्याला चांगले दिसतात. निरभ्र दिवशी डोंगरावरून कोसळणारी कोरडी हवा त्याला दिसत नाही. मदेराच्या उन्हात विमान का परत फिरते, याचे उत्तर इथे आहे.

हा पेच हाँगकाँगने चांगल्या रीतीने हाताळला. १९९८ साली तिथला नवा विमानतळ लांताऊ बेटाच्या उत्तरेला भराव घालून बांधला. लांताऊवरची शिखरे ९०० मीटरच्या वर जातात आणि दक्षिणेचा वारा त्यांच्यावरून थेट धावपट्ट्यांवर येतो. तिथे सुमारे ५०० विमानांमागे एकाने १५ नॉट किंवा त्याहून मोठ्या बदलाची नोंद केलेली आहे. हाँगकाँग वेधशाळेने २००२ साली विमानतळावर लायडार बसवले. ते रेडिओ लहरींऐवजी लेसर किरण सोडते आणि हवेतल्या अतिसूक्ष्म धुळीवरून परतलेल्या प्रकाशातून वारा मोजते, म्हणून त्याला पाऊस लागत नाही. विमान ज्या वाटेने खाली येणार त्याच वाटेवर किरण फिरवून, पुढच्या विमानाला कुठे किती फरक लागेल हे सांगितले जाते. मुसळधार पावसात लायडार अधू होते आणि रडार कामाला येते, त्यामुळे दोन्ही लागतात.

मदेराने मोजलेली किंमत

मदेराचा विमानतळ १९६४ साली अवघ्या १,६०० मीटर धावपट्टीसह सुरू झाला. १९ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री टीएपी या पोर्तुगीज कंपनीचे बोइंग ७२७ जोरदार पावसात तिथे उतरण्याचा प्रयत्न करत होते. आधीचे प्रयत्न सोडून दिल्यानंतर ते पुन्हा आले, धावपट्टीवर बरेच पुढे टेकले, ओल्या पृष्ठभागावर थांबू शकले नाही आणि टोकावरून खाली कोसळले. विमानातल्या १६४ जणांपैकी १३१ मरण पावले. महिनाभरातच, १८ डिसेंबरला, एका स्विस कंपनीचे विमान तिथे येताना समुद्रात पडले आणि ३६ जणांचा जीव गेला.

त्यानंतर धावपट्टी १९८६ मध्ये १,८०० मीटर झाली, आणि २००० साली ती २,७८१ मीटरपर्यंत नेली गेली. जमीन संपलेली असल्याने वाढीव भाग सुमारे ७० मीटर उंचीच्या १८० खांबांवर उभा केला आहे. खालून रस्ता जातो आणि वरून विमाने. स्थापत्याच्या क्षेत्रात या कामाचा मोठा गौरव झाला, आणि तो योग्यच होता. २०१७ साली विमानतळाला बेटाचा सुपुत्र क्रिस्तियानो रोनाल्डो याचे नाव दिले गेले.

धावपट्टी लांबली, पण डोंगर जागचे हलले नाहीत. ईशान्येच्या दिशेने उतरायचे असेल तर सरळ रेषेत येताच येत नाही, कारण वाटेत जमीन उंचावते. विमान समुद्रावरून किनाऱ्याच्या कडेने, धावपट्टी उजव्या हाताला ठेवून नैर्ऋत्येकडे जाते. मग वैमानिक स्वयंचलित यंत्रणा सोडून, डोळ्यांनी खुणा पाहत, घरांनी भरलेल्या उतारांच्या दिशेने उजवीकडे सुमारे १५० अंशांचे वळण घेतो. वळण संपून विमान धावपट्टीच्या रेषेत येते तेव्हा ते बरेच खाली आलेले असते, आणि नेमक्या याच वळणात डोंगरावरून उतरणारी हवा त्याला गाठते. यासाठी वैमानिकांना सिम्युलेटरवर वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्याशिवाय तिथे विमान नेता येत नाही.

याहून विशेष म्हणजे मदेराच्या वाऱ्याच्या मर्यादा. बहुतेक विमानतळांवर किती वाऱ्यात उतरायचे हे विमानाची क्षमता, कंपनीचे नियम आणि वैमानिकाचा निर्णय यांवर ठरते. मदेरात ते नियामक ठरवतो आणि ती मर्यादा सर्वांवर बंधनकारक असते. ती दिशेनुसार बदलते. उत्तर-वायव्येकडून, म्हणजे डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्यासाठी ती सर्वांत कडक, सरासरी १५ नॉटच्या आसपास आहे. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला अधिक सवलत आहे. सरासरी मोजतात ती दोन मिनिटांची, आणि झोतांचा हिशेब वेगळा होतो. त्यामुळेच विमाने मर्यादेच्या आत वारा येण्याची वाट पाहत समुद्रावर घिरट्या घालतात. दोन मिनिटे वारा पडला की पुढचे विमान उतरते आणि त्याच्या मागचे परत फिरते, हे दृश्य तिथे नवे नाही.

परत फिरणे हा बेताचाच भाग

उतरणे सोडून पुन्हा वर चढणे, ज्याला गो-अराउंड म्हणतात, ही पूर्ण तयारीची, सरावाची कृती आहे. काही फुटांवरूनही ती करता येते. इंजिने पूर्ण ताकदीवर जातात, नाक वर उठते, पोटात गोळा येतो आणि आतल्या माणसांना काहीतरी बिघडल्यासारखे वाटते. वास्तविक त्या क्षणी सर्वांत सुरक्षित पर्याय निवडलेला असतो. धोका वाढतो तो हट्टाने चालू ठेवलेल्या प्रयत्नात.

बेटांच्या बाबतीत हा निर्णय विमान निघण्यापूर्वीच अर्धा घेतलेला असतो, कारण तो इंधनाचा प्रश्न आहे. मदेराजवळ पोर्तो सांतो हे छोटे, तुलनेने सपाट बेट आहे आणि त्यावर ३,००० मीटर लांब धावपट्टी आहे. डोंगराची सावली नसल्याने मदेरा बंद असताना पुष्कळदा तिथे उतरता येते. तिथली जागा भरली तर कॅनरी बेटे किंवा थेट लिस्बन. सेंट हेलेनाच्या जवळ असे कोणी नाही. आफ्रिकेचा किनारा सुमारे १,९०० किलोमीटर दूर आहे. अशा एकाकी विमानतळासाठी नियम वेगळा आहे. पर्यायी विमानतळ ठरवता येत नसेल तर पोहोचल्यावर सुमारे दोन तास उडत राहता येईल एवढे इंधन न्यावे लागते, आणि वाटेत एक बिंदू ठरलेला असतो, जिथे हवामान पाहून पुढे जायचे की मागे फिरायचे याचा शेवटचा निर्णय होतो. जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, म्हणून प्रवासी आणि सामान कमी. बेटावरचे तिकीट महाग असण्यामागे हेही एक कारण आहे.

प्रत्येक बेट असे नसते. लक्षद्वीपचे अगत्ती प्रवाळाचे आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर आहे. वाऱ्याला अडवायला तिथे टेकाडही नाही, त्यामुळे हवा बहुतांशी एकसंध राहते आणि खरी मर्यादा येते ती सुमारे १,२०० मीटरच्या धावपट्टीची, म्हणून तिथे एटीआरसारखी लहान विमाने जातात. सेल्युलर जेल पाहण्यासाठी मराठी पर्यटक मोठ्या संख्येने जातात त्या अंदमानातल्या वीर सावरकर विमानतळाजवळ मात्र टेकड्या आहेत. अशा टेकड्यांच्या सान्निध्यात, विशेषतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत, उतरताना धक्के बसले तर त्यामागचे कारण मदेराच्याच जातीचे, फक्त लहान मापाचे असते.

मदेरात सध्या वाद आहे तो मर्यादांवरून. त्यांचा पाया जुन्या काळातल्या, आखूड धावपट्टीच्या आणि वेगळ्या विमानांच्या अनुभवावर आहे. आता धावपट्टी लांब आहे, विमाने अधिक सक्षम आहेत, तेव्हा त्या शिथिल कराव्यात किंवा निदान निर्णय वैमानिकावर सोडावा, अशी मागणी बरीच वर्षे होत आहे. पर्यटनावर जगणाऱ्या बेटाची ही तळमळ समजण्यासारखी आहे, कारण विमानतळ दोन दिवस अडकला की हजारो माणसांची सोय करावी लागते. पण आडव्या वाऱ्याची विमानाची क्षमता वाढली म्हणून डोंगराआडच्या भोवऱ्यांचा अंदाज येऊ लागला असे होत नाही. संख्या बदलायचीच असेल तर हाँगकाँगसारखी, उतरण्याच्या वाटेवरचा वारा मोजणारी साधने आधी हवीत, आणि सगळ्या ऋतूंतल्या त्यांच्या नोंदी हाती आल्यावरच नवी मर्यादा ठरवावी.

तोवर मदेराला जाणाऱ्याने काही गोष्टी सांभाळाव्यात. परतीच्या दिवशीच लिस्बनहून पुढचे लांबचे विमान पकडायचा बेत करू नये, मध्ये एक दिवस ठेवावा. औषधे आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत असावेत, कारण मुक्काम पोर्तो सांतोला पडू शकतो. हादऱ्यांचा त्रास होत असेल तर पंखांजवळची जागा घ्यावी, तिथे विमानाचे डोलणे शेपटीपेक्षा कमी जाणवते. आणि निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहायचा असेल, तर वाऱ्याच्या वेगाबरोबर त्याची दिशाही पाहावी.